शिवी आणि संज्ञा : डाव्या-उजव्या वादातील शब्दव्यवहाराची चिकित्सा

१

राजकीय वादातील शिवराळपणाविषयी आज मराठीत पुष्कळ खेद व्यक्त होतो. अग्रलेख, परिसंवाद आणि अध्यक्षीय भाषणे यांतून सभ्यतेच्या ऱ्हासाचे पालुपद वारंवार ऐकू येते. या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. परंतु ती भलत्याच जागी बोट ठेवते. शब्द किती खडबडीत आहे एवढेच ती मोजते, तो शब्द वादामध्ये कोणते कार्य करतो याचा विचार करीत नाही. भाषेच्या अभ्यासकाला हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटावयास हवा. एखादा शब्द ज्याला उद्देशून योजला त्याला उत्तर देण्यास जागा ठेवतो किंवा नाही, ही त्या शब्दाची खरी कसोटी होय. डाव्या-उजव्या वादातील काही प्रचलित शब्दांना ही कसोटी लावून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ 'डावा' आणि 'उजवा' या शब्दांपासूनच करणे इष्ट. १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा की नसावा हा प्रश्न निघाला, तेव्हा राजाचे पक्षपाती अध्यक्षाच्या उजव्या हाताला आणि विरोधक डाव्या हाताला बसले. या बैठकव्यवस्थेतून पुढे जगभरची राजकीय परिभाषा सिद्ध झाली. मुळात हा भेद केवळ आसनांचा होता. त्यात स्तुती नव्हती, निंदाही नव्हती. मराठीत मात्र हे शब्द कोऱ्या पाटीवर उतरले नाहीत. 'एकापेक्षा दुसरा उजवा ठरला' म्हणजे सरस ठरला. 'डावलणे' म्हणजे बाजूस सारणे, अव्हेरणे. 'डावे-उजवे करणे' म्हणजे पक्षपात करणे. भाषेचा कल अगोदरच एका हाताकडे आहे. असे असूनही समाजवादी व साम्यवादी मंडळींनी 'डावे' हे नाव आपणहून स्वीकारले, 'डावी आघाडी' असे अभिमानाने म्हणून घेतले. याउलट ज्यांना 'उजवे' म्हटले जाते ते स्वतःस बहुधा राष्ट्रवादी अथवा हिंदुत्ववादी म्हणवितात. 'उजवे' हे त्यांना इतरांनी दिलेले नाव राहिले. तात्पर्य, शब्दाला मुळात असलेली प्रतिष्ठा त्याचे भवितव्य ठरवीत नाही. ज्याचे ते नाव, तो ते स्वीकारू शकतो काय, यावर ते ठरते.

२

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद. जय मिळविण्यासाठी छलादी साधनांचा अवलंब करून चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करते ती वितंडा. मराठीत 'वितंडवाद' हा शब्द आपण निंदेने उच्चारतो. परंतु वितंडेलाही एक बंधन असते : जे खोडावयाचे ते प्रतिपक्षाचे विधान तिला निदान समोर ठेवावे लागते. विधानाला स्पर्शच न करता विधान करणाऱ्यालाच नाव ठेवून मोकळे होणे, ही चौथी पद्धत या तिन्हींत बसत नाही. आजच्या राजकीय बोलण्याचा मोठा भाग या चौथ्या पद्धतीचा आहे.

ही पद्धत व्याकरणाच्या अंगाने पाहिली म्हणजे तिचे मर्म स्पष्ट होते. 'हा कायदा शेतकऱ्यास मारक आहे' या वाक्यात कायदा हे उद्देश्य आणि 'मारक आहे' हे विधेय. विधेयावर वाद घालता येतो. कलमे दाखविता येतात, आकडे मांडता येतात. 'अमुक लेखक विकला गेला आहे' हे वाक्य व्यक्तीविषयीचे व अप्रिय असले, तरी आरोप अद्याप विधेयाच्या जागी आहे. कोणी विकत घेतले, केव्हा, पुरावा कोणता, असे त्यावर विचारता येते. आता याच आरोपाचे 'विकाऊ' हे नाम करावे आणि 'हे विकाऊ लोक या कायद्याला विरोध करतात' असे म्हणावे. आरोप विधेयातून निघून उद्देश्यात जाऊन बसला. उद्देश्यात जे बसते ते गृहीत धरले जाते. वाक्याचा वाद त्याविषयी नसतोच. वाक्य नकारार्थी करून पाहावे : 'हे विकाऊ लोक या कायद्याला विरोध करीत नाहीत.' विरोध गेला, पण 'विकाऊ' जागच्या जागी राहिले. ज्याच्यावर आरोप आहे त्याने होकार द्यावा वा नकार द्यावा, नाव दोन्हीकडे टिकते. शिवीचे सामर्थ्य तिच्या अश्लीलतेत नसून या व्याकरणिक स्थलांतरात आहे.

येथून शिवी आणि संज्ञा यांचा भेद करता येतो. जो शब्द कोणत्या परिस्थितीत लागू पडणार नाही हे वापरणारा सांगू शकतो, ती संज्ञा. मग ती कितीही कठोर असो. जो शब्द कोणत्याही परिस्थितीत मागे घेता येत नाही, ती शिवी. मग तिचे अक्षर न् अक्षर सभ्य असो.

३

पूर्वीचा काळ सौजन्याचा होता आणि आज ते लयास गेले, हा समज इतिहासाला धरून नाही. आगरकर हयात असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली होती. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात व्यासपीठावर जोडा फेकला गेला आणि खुर्च्यांची फेकाफेक झाली. असे असूनही त्या काळाने जी दोन राजकीय नावे मराठीस दिली, ती आज उद्बोधक वाटतात. 'जहाल' आणि 'मवाळ' ही दोन्ही नावे टोचणारीच होती. टिळकपक्ष स्वतःस राष्ट्रीय पक्ष म्हणवीत असे, आणि मवाळ म्हणवून घेण्याची हौस कोणासच नव्हती. परंतु ही दोन्ही तरतमभाव असलेली विशेषणे आहेत. अधिक जहाल, कमी जहाल, पूर्वी मवाळ, या प्रश्नावर मवाळ, असे म्हणता येते. दोन्ही नावे एकाच मोजपट्टीवरची असून ती मोजपट्टी सरकारशी लढण्याच्या मार्गाची होती. मार्ग बदलला तर नाव बदलण्याची सोय त्या शब्दांतच होती. म्हणूनच १९१५ मध्ये गोखल्यांचे निधन झाले तेव्हा, आयुष्यभर त्यांच्याशी झुंजलेल्या टिळकांना स्मशानभूमीवर त्यांचा गौरव करताना आपला कोणताही शब्द गिळावा लागला नाही. 'देशद्रोही' या शब्दाला अशी मोजपट्टी नाही. कोणी थोडासा देशद्रोही असू शकत नाही, आणि एकदा ते नाव दिलेल्या माणसाचा पुढे गौरव करावयाचा तर नाव देणाऱ्यालाच खोटे ठरावे लागते.

याच्या उलट उदाहरणही मराठीच्या इतिहासात आहे आणि ते अधिक अवघड आहे. जोतीराव फुले यांची 'ब्राह्मणांचे कसब' (१८६९) आणि 'गुलामगिरी' (१८७३) ही पुस्तके प्रखर, क्वचित अतिकठोर भाषेत लिहिलेली आहेत. १८७४ मध्ये सुरू झालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांचा समाचार घेताना फुल्यांच्या भाषेची व व्याकरणाची थट्टा केली. सभ्यतेच्या मापाने पाहिले तर चिपळूणकरांची भाषा घडीव आणि फुल्यांची रांगडी. वर सांगितलेल्या कसोटीने मात्र निकाल उलट लागतो. फुल्यांच्या कठोर शब्दांमागे आरोप होते : शेतकऱ्याला धर्मविधींच्या निमित्ताने कोण व कसे नाडतो, कचेरीतील कारकुनी कोणाच्या हाती आहे, शाळा कोणासाठी चालतात. त्या आरोपांना उत्तर देता येत होते, ते खोडता येत होते. चुकलेल्या विभक्तीकडे बोट दाखविल्याने त्यांपैकी एकाही आरोपाचे खंडन झाले नाही. सभ्य भाषा ही अनेकदा ज्यांना शाळा मिळाली त्यांची मिरास असते, हे विसरून चालणार नाही. शिवराळपणाविरुद्धची मोहीम जेव्हा केवळ भाषेच्या शुचितेची मोहीम होते, तेव्हा तिचा पहिला बळी प्रस्थापितांविरुद्ध बोलणारा अशिक्षित माणूस ठरतो.

४

आता आजचे शब्द. उजव्या बाजूने डाव्यांस दिलेल्या नावांत 'फुरोगामी' आणि 'सिक्युलर' हे दोन शब्द ध्वनिविकाराने साधलेले आहेत. पुरोगामीतील 'प'चा 'फ' केला की काम झाले. सेक्युलरचा पहिला स्वर बदलला की त्यात रोग्याचा इंग्रजी शब्द डोकावतो. मराठीला अवहेलनेचा असा ध्वनिप्रयोग नवा नाही. 'पुस्तकबिस्तक', 'कविताबिविता' या जोडशब्दांतून आपण नित्य हेच करतो. परंतु 'पुरोगामी-बिरोगामी' असे म्हणणारा निदान मूळ शब्द उच्चारतो. 'फुरोगामी' म्हणणारा मूळ शब्द नाहीसाच करतो. पुरोगामित्वाच्या कल्पनेत दोष असू शकतील. ही मंडळी एका धर्माच्या रूढींवर बोलतात आणि दुसऱ्या धर्माच्या रूढींवर गप्प बसतात, हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिले गेले पाहिजे. परंतु तो आक्षेप मांडावयाचा तर वाक्य रचावे लागते, उदाहरण द्यावे लागते. अक्षर बदलून ते श्रम वाचतात.

डाव्या बाजूची नावे यापेक्षा अधिक विचारपूर्वक निवडलेली आहेत, असे दिसत नाही. 'भक्त' आणि 'अंधभक्त' हे शब्द त्यांतील सर्वांत प्रचलित. वारकरी परंपरेने ज्या शब्दाला मराठी मनात सर्वोच्च स्थान दिले, तोच शब्द मूर्खपणाचा पर्याय म्हणून वापरला जातो. बुद्धिप्रामाण्याचा आग्रह धरणाऱ्या पक्षाने पंढरीच्या वाटेवरील माणसाला आपल्या बोलण्याने अकारण दुखवावे, यात तत्त्व तर नाहीच, राजकीय शहाणपणही नाही. शिवाय या शब्दाचा अर्थ असा की, समोरचा माणूस विचार करण्यास असमर्थ आहे. ज्याला विचार करता येत नाही त्याच्याशी युक्तिवाद कशाला करावयाचा? शब्दच वाद संपवितो. 'हाफचड्डीवाले' हे दुसरे नाव तर वेशावर बेतलेले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने २०१६ च्या विजयादशमीपासून खाकी अर्धी विजार सोडून तपकिरी पूर्ण विजार स्वीकारली. वेश गेला, नाव मात्र राहिले. ज्या वस्तूवरून नाव पडले ती वस्तू नाहीशी झाल्यावरही ज्याचे काही बिघडत नाही, त्या नावाचा वस्तुस्थितीशी संबंध पूर्वी तरी कितपत होता, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

पत्रकारांसाठी दोन्ही बाजूंनी घडविलेले शब्द एकत्र ठेवले म्हणजे त्यांतील साम्य उघड होते. २०१५ मध्ये एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी वापरल्याने गाजलेला 'प्रेस्टिट्यूट' हा शब्द आणि सरकारधार्जिण्या वृत्तवाहिन्यांसाठी रूढ झालेला 'गोदी मीडिया' हा शब्द, दोहोंचा आशय एकच : समोरचा बोलतो ते त्याचे स्वतःचे नाही, विकत घेतलेले आहे. पहिल्यात भर एवढीच की विक्रीची प्रतिमा वेश्याव्यवसायातून घेतली आहे. निंदेचा मूळ साठा दोन्ही पक्षांचा सामाईक आहे, हे येथे लक्षात येते. स्त्री, जात आणि व्यंग या तीन खाणींतून तो येतो. निष्क्रिय अधिकाऱ्याच्या टेबलावर बांगड्या ठेवण्याचे आंदोलन महाराष्ट्रात उजव्यांनी केले, डाव्यांनीही केले. समतेची घोषणा देणाऱ्या मोर्चात बांगडी हे भित्रेपणाचे चिन्ह ठरते, तेव्हा घोषणा एक बोलते आणि हात दुसरेच बोलतो. डिसेंबर २०१७ मध्ये एका ज्येष्ठ काँग्रेस नेत्याने पंतप्रधानांविषयी 'नीच' हा शब्द वापरला, तेव्हा त्याचा अर्थ स्वभावाने हीन की जातीने खालचा, यावर देशभर वाद झाला आणि त्या नेत्यास पक्षाने निलंबित केले. बोलणाऱ्याचा हेतू काहीही असो. भारतीय भाषांत उच्च-नीच हे शब्द जातीच्या वासाशिवाय उच्चारताच येत नाहीत, एवढे त्या प्रसंगाने दाखविले.

समाजमाध्यमांनी या सर्व प्रकाराला एक नवा व्याकरणिक आकार दिला आहे. तेथे वाक्याचीही गरज उरली नाही. एखाद्याच्या दीर्घ प्रतिपादनाखाली एकच नाम लिहिले की ते संपूर्ण उत्तर समजले जाते. विधेय नसलेल्या वाक्याचे खंडन करता येत नाही. आणि तेच नाम शेकडो लोकांनी लिहिले म्हणजे ते मत राहत नाही, वेढा होतो. त्यातही वेढा स्त्रीभोवती असला की ती तीन खाणींतील सामग्री अधिक मोकळेपणाने बाहेर पडते.

५

नावे ठेवण्याने वास्तवात काय बिघडते, असा प्रश्न येथे कोणी करील. त्याचे उत्तर शोधण्यासाठी, डावा-उजवा संघर्ष ज्या देशात अत्यंत तीव्र झाला आणि ज्याचा शेवट ज्ञात आहे, त्या जर्मनीकडे पाहणे उपयुक्त ठरेल. १९२८ च्या सहाव्या अधिवेशनानंतर साम्यवादी आंतरराष्ट्रीयाने लोकशाही समाजवाद्यांसाठी 'सामाजिक फॅसिस्ट' हे नाव रूढ केले. उलट दिशेने, कम्युनिस्ट म्हणजे तांबडा मुलामा दिलेले नाझीच, अशा आशयाची टीका समाजवादी नेत्यांनी केली. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझी पक्षास १९६ जागा मिळाल्या. समाजवाद्यांस १२१ आणि कम्युनिस्टांस १००, म्हणजे मिळून २२१. हे दोन पक्ष एकत्र आले नाहीत. त्याची कारणे अनेक होती आणि सर्व दोष एका शब्दावर टाकणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्याला आपण फॅसिस्ट ठरविले त्याच्याशी फॅसिस्टांविरुद्ध हातमिळवणी करण्याची वाट त्या नावाने बंद केली होती, हे निःसंशय. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी दोन्ही पक्ष चिरडले गेले. साम्यवादी आंतरराष्ट्रीयाने ते धोरण १९३५ मध्ये सोडले, तोपर्यंत फार उशीर झाला होता.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट शिकता येते. 'फॅसिस्ट' ही एके काळी अर्थवाही संज्ञा होती; इटलीतील एका पक्षाने स्वतःस दिलेले ते नाव. ती वाटेल त्याला लावल्यामुळे, खरोखरीच्या फॅसिस्टासाठी वेगळा शब्द उरला नाही. शब्द असा उधळला की धोक्याच्या वेळी हाक मारावयास तोच हाताशी नसतो. जॉर्ज ऑर्वेलने १९४४ मध्येच या शब्दाच्या अर्थहीनतेविषयी लिहिले होते. आज आपल्याकडे 'फॅसिस्ट' आणि 'देशद्रोही' हे दोन्ही शब्द त्याच वाटेने चालले आहेत.

६

आतापर्यंत दोन्ही बाजूंस समान तराजू लावला. परंतु चिकित्सा येथेच थांबविली तर ती अपुरी राहील. कारण शब्द समान असले तरी बोलणाऱ्यांचे अधिकार समान नसतात. नागरिकाने नागरिकाला दिलेले नाव आणि शासनाने नागरिकाला दिलेले नाव यांत गुणात्मक अंतर आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलन चालू असताना पंतप्रधानांनी राज्यसभेत 'आंदोलनजीवी' हा शब्द योजला. 'श्रमजीवी', 'बुद्धिजीवी' यांच्या धर्तीवर बनविलेला हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्याच्याशेजारी 'परजीवी' हा शब्द आल्याने त्याचा अर्थही संदिग्ध राहिला नाही. काही आंदोलकांनी हे नाव स्वतःच धारण करून त्याची धार बोथट केली. पण सर्वच नावे अशी अंगावर घेऊन निभावता येत नाहीत.

'तुकडे तुकडे गँग' हा शब्दप्रयोग २०१६ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील प्रकरणानंतर रूढ झाला. डिसेंबर २०१९ मध्ये स्वतः केंद्रीय गृहमंत्र्यांनी तो दिल्लीतील जाहीर भाषणात वापरला. पुढच्याच महिन्यात, माहितीच्या अधिकाराखाली विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना, अशा टोळीविषयी आपल्याकडे माहिती नाही, असे गृहमंत्रालयाने कळविले. व्यासपीठावर जिचे अस्तित्व गृहीत होते, ती टोळी दप्तरात सापडली नाही. उद्देश्यात बसलेल्या गृहीताला कोणी सरळ विधेयाचा प्रश्न विचारला की काय होते, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

'शहरी नक्षलवादी' या नावाचा प्रवास याहून गंभीर आहे आणि तो महाराष्ट्राशी निगडित आहे. एल्गार परिषद प्रकरणात २०१८ पासून १६ जणांना अटक झाली. हे नाव त्यांना खटल्याच्या कितीतरी आधी चिकटले. त्यांच्यापैकी फादर स्टॅन स्वामी जुलै २०२१ मध्ये, खटला सुरू होण्यापूर्वीच, कोठडीत असताना मुंबईच्या रुग्णालयात वारले. आरोपी दोषी की निर्दोष हे ठरविणे न्यायालयाचे काम. भाषेच्या अभ्यासकाने नोंदवावयाचे ते एवढेच की, 'आरोपी' ही संज्ञा आहे, तिला निर्दोष सुटकेची शक्यता जोडलेली आहे. 'शहरी नक्षलवादी' या नावाला ती जोडलेली नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने जे विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले, त्याचा रोख संयुक्त समितीच्या विचारविनिमयानंतर कडव्या डाव्या विचारसरणीच्या व तत्सम संघटनांवर ठेवण्यात आला. जंगलातील सशस्त्र हिंसेचा धोका गडचिरोलीने दीर्घकाळ सोसला आहे. तो काल्पनिक म्हणणे हा मृतांचा अपमान होईल. परंतु 'कडवा' हे तरतमभावाचे विशेषण आहे आणि 'तत्सम' हे सादृश्याचे. डाव्याचा कडवा डावा नेमका कोणत्या बिंदूला होतो? सादृश्य कोणी मोजावयाचे? सभेतील वक्त्याने हे शब्द ढिलेपणाने वापरले तर टाळ्या मिळतात किंवा मिळत नाहीत. कायद्याने ढिलेपणाने वापरले तर माणसाचे स्वातंत्र्य त्या ढिलाईवर टांगले जाते.

७

यावर उपाय म्हणून सर्व कठोर शब्द वर्ज्य करावेत काय? तसे करणे अनिष्ट होय. कठोर शब्दाची संज्ञा करता येते, याचे एक उदाहरण पुण्याशी संबंधित आहे. पुण्यातील संरक्षण प्रयोगशाळेत नोकरी करीत असताना ज्यांची सामाजिक जाणीव घडली, त्या कांशीराम यांनी पुणे कराराच्या पन्नासाव्या वर्षी, १९८२ मध्ये, 'चमचा युग' या अर्थाचे नाव असलेले इंग्रजी पुस्तक लिहिले. 'चमचा' हा शब्द बाजारातला, उघड हेटाळणीचा. कांशीराम यांनी त्याची व्याख्या केली : जो स्वतः हालत नाही, ज्याला दुसऱ्याचा हात हालवितो, तो चमचा. मग त्यांनी चमच्यांचे प्रकार पाडले आणि ते ज्या निवडणूकपद्धतीतून निर्माण होतात तिची मीमांसा केली. ती मीमांसा पटो वा न पटो, तिला उत्तर देता येते : अमुक नेता स्वतंत्रपणे वागला, हे दाखविले की त्याच्यापुरता तो शब्द गळून पडतो. शिवीला व्याख्येचे बंधन घातले की तिची संज्ञा होते.

हे बंधन घालण्याचे काम राजकीय पक्ष करतील अशी आशा बाळगणे व्यर्थ. नाव जितके मोघम तितके ते त्यांच्या सोयीचे असते. ते काम वाचकाला, वार्ताहराला आणि भाषेच्या विद्यार्थ्याला करावे लागेल, आणि त्यासाठी फार मोठी विद्वत्ता लागत नाही. कोणीही असा शब्द उच्चारला की त्याला विचारावे : या माणसाने काय केले असते म्हणजे हे नाव तुम्ही त्याला दिले नसते? ज्याच्याजवळ याचे उत्तर आहे त्याचा शब्द कितीही तिखट असला तरी तो वादात राहू द्यावा. ज्याच्याजवळ नाही, त्याने वाद केलेलाच नाही. विद्यापीठांच्या भाषाविभागांनीही या नव्या शब्दांकडे नाक मुरडून पाहू नये. तो प्रथम कोणी योजला, कोणत्या प्रसंगी, कोणत्या अर्थाने, आणि पुढे कोणाकोणाला लावला गेला, याची तारीखवार नोंद कोशात झाली, तर पन्नास वर्षांनी येणाऱ्या वाचकाला आजचे वाद कळतील. मुख्य म्हणजे, ज्यांना ती नावे चिकटविली गेली त्यांच्यापैकी कोणाला ती खरोखर लागू होती, हे तपासण्याचे साधन त्याच्या हाती राहील.